भाड्यापोटी अडवलेला माल: 'लियन'ला काय म्हणावं?

रावेरकडच्या एका केळी निर्यातदारांनी विचारलंय: "भाड्याच्या वादात जहाज कंपनीनं आमच्या कंटेनरवर 'लियन' लावला. मराठी पत्रात 'माल जप्त केला' असं लिहू का? बँक एफडीवर लावते तो लियन हाच का?"

'जप्त' मुळीच लिहू नका. जप्ती होते न्यायालयाच्या किंवा सरकारी अधिकाऱ्याच्या हुकमानं, आणि वस्तू तुमच्या ताब्यातून काढून घेतली जाते. इथं माल तुम्ही आपण होऊन कंपनीच्या हवाली केलेला आहे; पैसे मिळेपर्यंत तो न सोडणं, एवढाच तिचा हक्क. 'गहाण'ही बसत नाही, कारण गहाण मालक स्वतः टाकतो. कायद्याच्या मराठीतला 'धारणाधिकार' मात्र फार नेमका आहे. माल धारण केलेला आहे तोवरच अधिकार. एकदा सोडला की तो हक्कही गेला. एफडीची रक्कम बँकेच्याच हाती असते, म्हणून तिथंही हाच शब्द चालतो. (सरकारी नोकरीत 'पदावरील धारणाधिकार' म्हणतात, तो अर्थ वेगळा.)

तरी पत्रात मी साधी बाजारातली रचना वापरेन: 'भाड्यापोटी माल अडवून ठेवला'. हा 'पोटी' मला फार मोलाचा वाटतो, कारण तो लावला की कशापोटी हे सांगावंच लागतं, आणि तुमच्यासारख्या वादाचं मर्म तिथंच असतं. इंग्रजी परंपरेच्या जहाज कायद्यात वाहतूकदाराला त्याच मालाच्या भाड्यापोटी तो अडवता येतो. डेमरेजपोटी (ठरल्या मुदतीपलीकडं खोळंबा झाल्याच्या आकारापोटी) अडवायचा, तर करारात किंवा बिल ऑफ लेडिंगवर (माल जहाजावर घेतल्याच्या कंपनीच्या पावतीवर) तसं कलम असावं लागतं. मागल्या खेपेच्या बाकीपोटी अडवायचा तरी तेच. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातलं १७१ वं कलम सगळ्या जुन्या येण्यापोटी माल धरण्याचा हक्क बँकर, अडते, धक्केवाले (बंदरातला धक्का चालवणारे) अशा मोजक्यांनाच देतं. त्या यादीत वाहतूकदार नाही.

सावद्याहून ट्रकनं माल जातो तेव्हा बिल्टीवर 'टू पे' (भाडं माल पोचल्यावर) किंवा 'पेड' (आधीच भरलेलं) लिहिलेलं असतं. तसंच तुमच्या बिल ऑफ लेडिंगवर भाडं आधीच भरल्याची नोंद असेल, तर तिचा उल्लेख पत्रात अगदी वर करा. मग विचारा: "आमचा माल आपण नेमक्या कोणत्या रकमेपोटी आणि करारातल्या कोणत्या कलमान्वये अडवला आहे, ते लेखी कळवावे. माल नाशवंत आहे."