बिल्डिंग फोटोत वाकडी काहून येते? आणि तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात आपण इमारतींच्या फोटोग्राफीबद्दल प्रश्न मागवले होते. लै आले. त्यातले निम्मे "कोणता कॅमेरा घेऊ" एवढेच होते, ते बाजूला ठेवलेत, कारण त्याचं उत्तर दुकानदार माझ्यापेक्षा चांगलं देतो. बाकीच्यांतले काही घेतो. नावं मुद्दाम टाकलेली नाहीत.

दादा, मी लातूरला आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. जुना क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स आहे. उदगीरच्या किल्ल्याचे फोटो काढले तर बुरूज मागं पडल्यासारखे दिसतात. टिल्ट-शिफ्ट लेन्सशिवाय जमतच नाही का? किंमत घरी सांगायची हिंमत नाही.

नको सांगू. बुरूज मागं पडतो कारण तू कॅमेरा वर करतोस. सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यात चित्र उमटतं तो भाग, भिंतीला समांतर असला की उभ्या रेषा उभ्या राहतात, कॅमेरा वर कलला की त्या वरच्या बाजूला जवळ येतात, एवढंच आहे. टिल्ट-शिफ्टमधे काय होतं तर कॅमेरा सरळच राहतो आणि लेन्स वर सरकते, कॅननच्या २४ एमएमवाल्या टीएस-ई लेन्समधे १२ मिलिमीटरपर्यंत, त्यामुळं खालची जमीन फ्रेममधून जाते आणि वरचा भाग येतो. मस्त गोष्ट आहे, पण तुझ्या लेन्सनं पण हे काम बऱ्यापैकी होतं. कॅमेऱ्यातली लेव्हल (कॅमेरा सरळ आहे का ते दाखवणारी रेघ) चालू कर, कॅमेरा अजिबात कलवू नको, मागं सरक, आणि खाली अर्धी फ्रेम माती आली तरी येऊ दे, नंतर काप. मागं जागा नसंल तर उंच जा, समोर कोणाची गच्ची किंवा माळवद (मातीचं सपाट छत) असंल तर विचारून चढ, भिंतीच्या मध्यापर्यंत उंची मिळाली की निम्मा प्रश्न तिथंच सुटतो. तुझ्या लेन्सचं १८ म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, फुल फ्रेम कॅमेऱ्यावरच्या २७-२९ सारखं पडतं, किल्ल्याला पुष्कळ झालं.

राहिलेलं लाइटरूम या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमधे. आधी लेन्स प्रोफाइल लाव (लेन्समुळं वाकलेल्या रेषा त्यानं सरळ होतात), मग ट्रान्सफॉर्ममधलं गाइडेड घे आणि ज्या रेषा उभ्या पाहिजेत त्यांच्यावर दोन रेघा ओढ. पैसे नसतील तर डार्कटेबल फुकट आहे, त्यात पण हे सगळं होतं. फक्त काढतानाच चारी बाजूंनी जागा सोड, सरळ करताना कडा कापल्या जातात. आणि शंभर टक्के सरळ करू नको. दौलताबादचा चांदमिनार खालून काढून पूर्ण सरळ केला ना, तर तो वर फुगल्यासारखा दिसतो, थोडा कल राहिला तर डोळ्याला खरं वाटतं.

पैसे साठलेच तर ट्रायपॉडवर घाल. लेन्सचं छिद्र एफ ८, संवेदनशीलता आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर, बस.

आमच्या बीबी का मकबऱ्याचे सगळ्यांचे फोटो सारखेच येतात. वेगळं काय करावं? सकाळी जावं की संध्याकाळी? आणि वेरूळला? — छत्रपती संभाजीनगर

सकाळ-संध्याकाळच्या आधी महिना बघा. मकबऱ्याचा मुख्य दरवाजा दक्षिणेला आहे, म्हणजे आपण जी बाजू फोटोत घेतो ती दक्षिणमुखी. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडून तिरपा फिरतो, तर दिवसभर कधीही गेलात तरी दर्शनी बाजूला ऊन असतं, आणि सकाळी-संध्याकाळी ते बाजूनं घासत जातं म्हणून कोनाडे न् कमानी उठून दिसतात. आता जून बघा. आपण साधारण २० अंश उत्तरेला आहोत, म्हणून २० मे ते २४ जुलैच्या आसपास दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला जातो, आणि जूनच्या मधल्या दिवसांत तर दर्शनी भिंतीवर थेट ऊन पडतच नाही, उजेड फक्त आभाळाचा. लोक मे महिन्याच्या सुट्टीत भर दुपारी जातात आणि फोटो फिका आला म्हणून कॅमेऱ्याला शिव्या देतात.

पण तो सावलीतला मकबरा मला जास्त आवडतो, आणि वेगळं काय करावं याचं माझं उत्तर पण तेच आहे. ही सगळी इमारत संगमरवराची नाही. खाली इजाऱ्यापर्यंत (भिंतीच्या खालच्या पट्ट्यापर्यंत) संगमरवर, वर घुमट संगमरवराचा, आणि मधला सगळा भाग आपल्या काळ्या पाषाणाचा, वरून बारीक चुन्याचा गिलावा. म्हणजे एकाच इमारतीत दोन पांढरे आहेत. कडक उन्हात दोन्ही जळून एक होतात. पावसाळ्यातल्या ढगाळ दिवशी, व्हाइट बॅलन्स (पांढरा कोणत्या छटेचा दिसावा ते ठरवणारं सेटिंग) ऑटोवर न ठेवता ढगाळवर अडकवून, एक्स्पोजर थोडं कमी ठेवून काढा, संगमरवराची चकाकी वेगळी न् गिलाव्याचा मळकट पांढरा वेगळा दिसायला लागतो. गिलावा उडालाय तिथं आतला दगड पण डोकावतो. ताजमहालाची गरिबाची नक्कल म्हणून जे बोलतात त्यांना हा फोटो दाखवा, १६६० च्या सुमाराला मर्यादित संगमरवरात कारागिरांनी काय निभावून नेलं ते कळतं. जर्मनीतल्या बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्यानं पाण्याच्या टाक्या न् कारखाने आयुष्यभर असे ढगाळ उजेडातच काढले, कारण सावलीचं नाटक नको, वस्तू दिसली पाहिजे. पटो न पटो, एकदा करून बघा.

वेरूळचं कैलास लेणं पश्चिमेकडं तोंड करून आहे. सकाळी दर्शनी भाग सावलीत, दुपारी तीननंतर ऊन येतं. पण ते एका कातळात वरून खाली कोरत आणलेलं आहे, चारी बाजूंनी कातळ, त्यामुळं आतल्या अंगणात ऊन थोडाच वेळ टिकतं, आणि सावलीतल्या शिल्पांसाठी कातळावरून परत येणारा मऊ उजेडच बरा. मंगळवारी वेरूळ बंद, सोमवारी अजिंठा बंद, हे लक्षात ठेवा. आणि अजिंठ्यात चित्रांवर फ्लॅश मारायचा नाही.

आमचा अंबाजोगाईचा वाडा पाडायचं भावकीत ठरलंय. माझ्याकडं मोबाईलच आहे. ढाळज (दरवाजातून आत आल्यावरची बसायची जागा) आणि माळवदाखालच्या खोल्या फार अंधाऱ्या आहेत, फोटो काळे येतात. पाडायच्या आधी नीट काढून ठेवायचंय.

ताई, मोबाईल पुरेसा आहे, खरंच. फक्त हे फोटो सुंदर यावेत म्हणून काढू नका, उद्या कोणाला वाडा जसाच्या तसा कागदावर उतरवता यावा म्हणून काढा. म्हणजे गल्लीतून समोरची भिंत, मग दरवाजा, ढाळज, चौक, असं चालत आत जावं तसे क्रमानं. प्रत्येक खोली समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून. मोबाईलची ०.५ वाली लेन्स वापरू नका, कडा ओढल्या जातात, १ वरच ठेवा न् भिंतीला पाठ लावून उभं राहा. मोबाईल छातीच्या उंचीवर आणि सरळ. लाकडी खांब, खाली तळखडा (खांबाखालचा दगड), वर तुळई (आडवं लाकूड), भिंतीतल्या देवळ्या, कडीकोयंडे, कोठीची दारं, यांचे जवळून दोन-दोन फोटो, एक नुसता आणि एक शेजारी टेप किंवा शाळेची फूटपट्टी धरून. माप दिसलं नाही तर पन्नास वर्षांनी त्या खांबाची जाडी कोण सांगणार?

अंधाराचं म्हणाल तर चौकात ऊन उतरतं ती वेळ गाठा, दहा-अकरा वाजता बहुतेक, आणि उन्हात एक पांढरं धोतर नाहीतर चादर अंथरा. उजेड त्यावरून उलटून ओसरीत आणि खोलीत जातो, फरक लगेच दिसतो. ट्यूब आणि बल्ब बंद करा, बाहेरचा निळसर उजेड आणि आतला पिवळा एकत्र आले की भिंतीचा रंग कोणता हेच कळत नाही. एलईडी चालू ठेवावाच लागला न् फोटोत आडवे पट्टे आले तर प्रो मोडमधे शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद करा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे, दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो म्हणून ते पट्टे. मोबाईल स्टुलावर टेकवा, टायमर लावा. दारातून येणारा उजेड जळत असंल तर स्क्रीनवर त्या उजेडाला बोट लावून एक फोटो, खोलीला बोट लावून दुसरा, दोन्ही ठेवा, नंतर कोणीही जोडून देईल.

आणि हो, आधी आवराआवर न करता एक फेरी मारा. दोरीवरचे कपडे, फ्रिज, खाटा, सगळं असू द्या. मग आवरून दुसरी. घरात थोरलं माणूस असंल तर त्यांना ढाळजेत जिथं रोज बसतात तिथंच बसवून एक काढा. शेवटी चौकटीच्या वहीत वाड्याचा नकाशा काढून कोणता फोटो कुठून काढला ते बाण करून लिहा. घरच्यांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो पाठवला की बारीक होतो.

नांदेडला आर्किटेक्ट लोकांसाठी फोटो काढतो. क्लायंट म्हणतात वायरी काढ, शेजारची टाकी काढ, आभाळ बदल. किती ऐकावं? आणि फोटोचा हक्क माझा की त्यांचा?

माझा हिशोब असा की जे उद्या हलणार आहे ते काढायला हरकत नाही, म्हणजे बादली, स्कूटर, गिलाव्यावरचा ओघळ. जे तिथंच राहणार आहे ते राहू द्यायचं, विजेची डीपी, शेजारची टाकी, भेग. वायरींवरून भांडण होतंच, मी तरी दोन पावलं सरकून त्या लपवतो, फोटोशॉपमधे घासत बसत नाही. आभाळ बदलायला मात्र सरळ नाही म्हणा, काचेत जुनंच आभाळ दिसत राहतं न् सावल्या भलतीकडं पडतात. त्याऐवजी सूर्य मावळल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी या म्हणावं, घरातले दिवे आणि आभाळ तेव्हा एकाच तोलाचे असतात. लाइट गेली तर बोंब, ते सोडा.

खिडकी आणि खोली दोन्ही पाहिजे असेल तर दोन-दोन स्टॉपच्या अंतरानं (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) तीन किंवा पाच फोटो रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं न बदललेल्या फाइलमधे घ्या आणि फोटोशॉपमधे नाहीतर गिंपमधे लेयर मास्कनं (प्रत्येक फोटोचा हवा तेवढाच भाग दाखवून) हातानं जोडा. ऑटो एचडीआर, म्हणजे हे फोटो आपोआप जोडणं, एका बटणात होतो पण भिंती हळद सांडल्यासारख्या करून ठेवतो.

हक्काचं नीट ऐका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ प्रमाणं, कोणी पैसे देऊन सांगितलं म्हणून काढलेल्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा असतो, वेगळा करार नसंल तर. म्हणजे गप्प बसलात तर फोटो क्लायंटचा. म्हणून कोटेशनमधेच लिहायचं, कॉपीराइट माझा, तुम्हाला वेबसाइट आणि स्पर्धेसाठी वापरायची परवानगी, टाइल्सवाल्याला न् खिडकीवाल्याला पाहिजे असतील तर वेगळे पैसे. क्लायंट तोंड वाकडं करतात, पण सही करतात.

चारठाण्याच्या मंदिरांचे ट्रायपॉड आणि ड्रोन लावून फोटो काढायचेत. परवानगी लागते का? — परभणी

संरक्षित स्मारकात हातात कॅमेरा धरून काढायला सहसा कोणी अडवत नाही, ट्रायपॉड आणि ड्रोनला परवानगी लागते, मग स्मारक केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडं असो की राज्याच्या. कोणाकडं आहे ते तिथल्या निळ्या पाटीवर लिहिलेलं असतं, अर्ज त्यांच्याकडंच. उत्तर यायला वेळ लागतो, तोवर ट्रायपॉडशिवाय जाऊन सकाळचं ऊन कुठल्या खांबावर पडतं ते बघून या. पूजा चालू असलेल्या देवळात पुजाऱ्यांना आणि गावकऱ्यांना आधी विचारा, कागद खिशात असला तरी.