सांभाळणाऱ्या आईचं नाव कागदावर

‘मी तर घरीच असते, मला सरकार काय देणार?’ दिव्यांग मुलाला सांभाळणाऱ्या आया समुपदेशनात हे हमखास विचारतात. इथली हकीकत अशाच एका ताईंची, ओळख बदलून. मुलगा 19 वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) आणि बौद्धिक दिव्यांगत्व, प्रमाणपत्रावर 90 टक्के. अंघोळ, भरवणं, रात्री उठून कूस बदलणं सगळं ताईंकडे. नोकरी केव्हाच सुटलेली. त्या आल्या मात्र बँकेची अडचण घेऊन: मुलाच्या खात्यातून पैसे काढता येईनात.

मूल 18 वर्षांचं झालं की आईवडिलांचं नैसर्गिक पालकत्व संपतं, टक्केवारी कितीही असो. यूडीआयडी कार्डाने, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राने, दिव्यांगत्व सिद्ध होतं, त्याच्या वतीने सही करण्याचा अधिकार मिळत नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी नॅशनल ट्रस्ट कायदा, 1999 आहे. त्याखाली जिल्हाधिकारी पातळीवरची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते. या कायद्याखालच्या नॅशनल ट्रस्टकडे नोंदलेली जवळची संस्था अर्ज भरायला मदत करते.

ताईंनी आणलेल्या अर्जात फक्त वडिलांचं नाव होतं, ‘कमावते तेच’ म्हणून. आईवडील दोघंही असतील तर संयुक्त अर्ज करता येतो, आणि तसाच करावा. पुढे बँकेत, दवाखान्यात उभं राहायचं आहे ते ताईंनाच. आदेश हातात आल्यावर बरीच कुटुंबं एक गोष्ट विसरतात: सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी, आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत जमाखर्च समितीला द्यावा लागतो. खात्यात थोडेच पैसे असले तरीही.

आता मूळ प्रश्न: सांभाळणाऱ्या आईला सरकार काय देणार? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 24 मध्ये काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे, पण तो जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांग व्यक्तीसाठी, आणि सरकारच्या ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’. केरळमध्ये आश्वासकिरणम योजनेतून थेट सांभाळणाऱ्याला महिन्याला 600 रुपये मिळत आले आहेत. रक्कम तुटपुंजी आहे, तरी हे काम कुणीतरी करतं एवढं त्यात मान्य केलेलं आहे. भत्ता दिव्यांग व्यक्तीसाठी की थेट सांभाळणाऱ्याला, हा फरक आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो.

आयकरातली सवलतही पगारदाराच्या विवरणपत्रात जाते. जुन्या करप्रणालीत दिव्यांग अवलंबितासाठी 75,000 आणि 80 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्वाला 1,25,000 रुपयांची ठरावीक वजावट आहे, प्रत्यक्ष खर्च कमी असला तरी. सेरेब्रल पाल्सीसाठी विहित नमुन्यातलं वेगळं प्रमाणपत्र लागतं, तिथेच अनेकांचं अडतं. 20 टक्क्यांच्या टप्प्यात सेससह साधारण 26,000 रुपये कर वाचतो. नवी करप्रणाली एकूण फायद्याची ठरते का, हे आधी दोन्ही हिशेब मांडून बघायचं. जुनीच बरी ठरली, तर वाचलेले पैसे ताईंच्या नावच्या पीपीएफ खात्यात भरायचे, असं दोघांना समोर बसवून ठरवलं. वर्षाला किमान 500, कमाल दीड लाख, मुदत 15 वर्षं.

हे काम कागदावर दिसावं म्हणून ताईंना सात दिवसांची वही लिहायला सांगितली: काम, सुरुवात, शेवट, रात्री किती वेळा उठणं झालं. ‘दिवसभर करते’ असं मोघम लिहून भागत नाही. उचलायला किती माणसं लागतात, एका जेवणाला किती मिनिटं, हे हवं. ती वही आधी पतीने वाचली. शनिवार आणि रविवारच्या रात्री त्यांनी स्वतःकडे घेतल्या. कुणी न सांगता घेतल्या, हे विशेष. शिवाय 2016 च्या त्याच दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम 38 खाली जास्त आधारासाठी अर्ज करता येतो. त्या अर्जाला ताईंनी वहीची प्रत जोडली आहे.