८०७ची प्लेट लाल का होते?

प्रश्न : आजोबांच्या ट्रंकेत दोन ८०७ व्हॉल्व्ह (काचेच्या रेडिओ नळ्या) सापडले. त्यातला एक वापरून ७ मेगाहर्ट्झचा मोर्सचा ट्रान्समीटर बांधला. क्रिस्टल ऑसिलेटरला (मूळ लहर निर्माण करणाऱ्या भागाला) ६व्ही६ व्हॉल्व्ह, शेवटी ८०७, त्याच्या प्लेटला (प्रवाह गोळा करणाऱ्या आतल्या पत्र्याला) ५०० व्होल्ट. अँटेनाच्या जागी ४० वॅटचा बल्ब लावला तर लख्ख पेटतो; पण गच्चीवरची १५ मीटरची तार जोडली की ८०७ची प्लेट लाल होते. सूरही चिवचिवतो. सर्किट सोबत पाठवतो आहे. हौशी रेडिओचा परवाना आहे (व्हीयू३ने सुरू होणारी खूण). – एक वाचक, मिरज

उत्तर : परवान्याचं स्वतःहून लिहिलंत, बरं केलंत. निम्म्या पत्रांना मला तिथंच थांबवावं लागतं.

बल्बवर भरवसा ठेवू नका. ४० वॅटच्या बल्बचा रोध थंड असताना शंभर ओहमच्या आसपास, पेटला की हजाराच्या पुढे. त्याच्यावर जुळवलेले गँग (फिरवायचे कंडेन्सर) तुमच्या तारेला कुठून चालणार? प्लेटचं सर्किट जुळलेलं नसलं की बाहेर जायची शक्ती आतच उष्णता होऊन बसते, आणि ८०७ची प्लेट सोसते ती २५ वॅट. लोडिंगचा (अँटेनाकडचा) गँग पूर्ण मिटवा, मोर्सची ‘की’ (संदेश देताना दाबायची कळ) क्षणभरच दाबा, प्लेटचा गँग फिरवत प्लेटच्या प्रवाहाच्या मीटरचा काटा कुठे खाली बुडी मारतो ते पाहा. मग लोडिंग किंचित उघडा, पुन्हा बुडी शोधा. असं करत ८० मिलिअँपिअरपर्यंत या. हावरटपणा नको. आणि ती १५ मीटरची तार उतरवा. एकूण २० मीटरचा डायपोल (दोन सारख्या भागांची तारेची अँटेना) करा, मधोमध कापून तिथून कोअॅक्स केबल खाली आणा.

तुमच्या सर्किटात ८०७च्या ग्रिडला (प्रवाहावर ताबा ठेवणाऱ्या जाळीला) मीटर नाही. तो लावाच. ८०७ला बायस (प्रवाह आवरून धरणारा ग्रिडवरचा ऋण दाब) मिळतो तो ग्रिडच्या रोधातून, म्हणजे ६व्ही६ जोर देत असेल तोवरच. क्रिस्टल रुसला की बायस गेला, आणि प्लेट लाल. तीन-चार मिलिअँपिअर दिसले की समजायचं, मागचा गडी कामावर आहे.

चिवचिवाट होतो, कारण ‘की’ दाबल्यावर एचटी (प्लेटचा उच्च दाबाचा पुरवठा) खाली बसतं आणि ऑसिलेटर त्याच्यासोबत सरकतो. ६व्ही६च्या स्क्रीनला (दुसऱ्या जाळीला) व्हीआर-१५० या दाब स्थिर ठेवणाऱ्या नळीवरून स्थिर १५० व्होल्ट द्या.

आता न विचारलेलं. तुम्ही ‘की’ थेट ८०७च्या कॅथोडमध्ये (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकात) टाकली आहे. मीही तेच केलं होतं. कॉलेजात होतो, की पितळेची, उघडी, पाटावर ठोकलेली. की वर असताना कॅथोड जमिनीपासून सुटलेला असतो, त्यामुळे तो शंभर व्होल्टच्या वर चढून बसतो, हे मला ठाऊकच नव्हतं. रात्री अकराला ‘सीक्यू’ (कुणी ऐकतंय का, अशी हाक) देता देता बोट घसरलं. आई स्वयंपाकघरातून आली तेव्हा मी भिंतीला पाठ लावून बसलो होतो आणि की खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात होती. तिनं विचारलं, ‘काय पडलं रे?’ मी म्हटलं, ‘पाट.’ दुसऱ्या दिवशी १२ व्होल्टचा रिले आणला. की रिलेला, रिले कॅथोडला. तुम्हीही तेवढं करा, मगच पुढचा ‘सीक्यू’.

तसंच एचटीच्या कंडेन्सरांवर ब्लीडर (साठलेली वीज हळूहळू उतरवणारा रोध) दिसत नाही. ४७ किलोओहम, १० वॅटचा लावा. ५० मायक्रोफॅरड असतील तर दहा-बारा सेकंदांत रिकामे होतात. पण ब्लीडर जळून तुटलेलाही असू शकतो, म्हणून हात घालण्याआधी लाकडी दांड्याला बांधलेली, चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेली तार एचटीला टेकवायची. बटण बंद आहे एवढ्यावर मी आजही हात घालत नाही.

प्रश्न : ८०७ आता कुठे मिळेल? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवारी किंवा रविवारी जुना बाजार. सकाळी लवकर जा. ‘रेडिओचा व्हॉल्व्ह’ म्हणालात तर भलताच हातात देतील. माथ्यावर धातूची टोपी आणि खाली पाच पिना असलेला, असं सांगा. टोपी हलत असेल तर ठेवून द्या. काचेच्या आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा गेलेली आहे, फुकट दिला तरी नको.