झोहो बुक्स या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून कोडने ग्राहकांची यादी मागवली तर 200च येतात, बाकीचे कुठे जातात? आणि ही यादी जुन्या एक्सेलशी नावावरून जुळवली तर चालेल का?

200चं उत्तर सोपं आहे, एका पानात तेवढेच येतात. जे उत्तर परत येतं त्यात ‘पेज कॉन्टेक्स्ट’, म्हणजे पानांची माहिती, असते. त्यातलं ‘हॅज मोअर पेज’ (अजून पानं आहेत का) ट्रू आहे तोवर पेजचा आकडा वाढवून पुन्हा मागा. ग्राहक आणि सप्लायर दोन्ही ‘कॉन्टॅक्ट्स’मध्येच येतात, तेव्हा ‘कॉन्टॅक्ट टाइप’ बघून ग्राहक तेवढे ठेवा.

नावावरून मात्र मुळीच जुळवू नका.

इंदूरला सियागंजात माझ्या मामांचं हार्डवेअरचं घाऊक दुकान आहे. उधारीची यादी एक्सेलमध्ये होती, बिलं झोहोवर. मामेभावाने स्क्रिप्ट लिहिली: झोहोवरून ग्राहक आणायचे, फर्मचं नाव जुळलं की मोबाइल नंबर उचलायचा आणि थकबाकीचा व्हॉट्सॲप पाठवायचा. मी तेव्हाच म्हटलं होतं, “दादा, जीएसटी नंबर घे, नाव नको.” तो म्हणाला, आपल्या पार्ट्या मला तोंडपाठ आहेत. त्याला असतील, स्क्रिप्टला नव्हत्या. एकाच नावाच्या दोन फर्म निघाल्या, एक देवासची, एक धुळ्याची. स्क्रिप्ट पायथॉनमध्ये होती; तिथल्या डिक्शनरीत (नावासमोर माहिती ठेवायची यादी) तीच ‘की’, म्हणजे इथे तेच नाव, पुन्हा आली की आधीची नोंद पुसली जाते, एररसुद्धा येत नाही. देवासवाल्यांची थकबाकी धुळ्याच्या शेठजींच्या फोनवर गेली. ज्यांनी मामांचा एक रुपया कधी अडकवला नाही, त्यांना वसुलीचा मेसेज! मामांनी स्वतः फोन करून माफी मागितली, तरी त्या दिवाळीला त्यांची ऑर्डर आली नाही. बाजारात पत कमवायला माणसाचं आयुष्य जातं, म्हणून हा विषय निघाला की मला अजून राग येतो.

आणि फरक समोरच लिहिलेला होता. जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक राज्याचे: मध्य प्रदेश 23, महाराष्ट्र 27. पुढची दहा अक्षरं पॅनची. 15 अक्षरांत पार्टी कुठली आणि कोणाची, दोन्ही कळतं. मामेभाऊ आजही म्हणतो की असं हजारात एकदा होतं. ज्याच्या दुकानात होतं त्याला त्या हजाराशी काय करायचंय?

तेव्हा पहिल्यांदा जीएसटी नंबरवरून जुळवा, प्रत्येक ओळीसमोर झोहोचा कॉन्टॅक्ट आयडी (झोहो प्रत्येक पार्टीला देतो तो आकडा) लिहून ठेवा आणि पुढे कायम त्या आयडीवरच चाला. फर्मचं नाव बदलतं, मुलगा धंद्यात आला की ‘अँड सन्स’ लागतं, आयडी तोच राहतो. फक्त एक्सेलमध्ये तो कॉलम आधी टेक्स्ट करा, कारण एक्सेल 15 अंकांपुढचे आकडे शून्य करून टाकतं आणि आयडी त्याहून लांब असू शकतो.

हो, जीएसटी नंबरनेही सगळं सुटत नाही. छोट्या दुकानदारांकडे तो नसतोच, तिथे मोबाइल नंबर बघावा लागेल. एकाच फर्मची एका राज्यात दोन रजिस्ट्रेशन्सही असू शकतात. पूर्ण पत्ता हवा असेल तर प्रत्येक ग्राहकासाठी कोडमधून झोहोला वेगळा कॉल (मागणी) करावा लागतो. मर्यादा मिनिटाला 100 कॉल्सची आहे, दिवसाची प्लॅनप्रमाणे, म्हणून मध्ये थोडं थांबत चला. आणि झोहोचं खातं भारतातलं असेल तर कोडमध्ये वेबचा पत्ता डॉट इनचाच वापरा, डॉट कॉमवर त्या खात्याचं टोकन (कोडला आत येऊ देणारी किल्ली) चालणार नाही.

ज्या ओळी कशानेच जुळल्या नाहीत त्या कोडने अंदाजाने जोडू नका. वेगळ्या शीटमध्ये काढा आणि गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला दाखवा.