पहिली जुनी मिलिटरी रायफल कोणती घ्यावी, आणि स्वस्तातल्या सरप्लस (लष्कराच्या जुन्या साठ्यातल्या) गोळ्या तिच्यात चालतील का?

तुमच्या प्रश्नाचा पहिला भाग पटकन उरकतो, कारण मला दुसऱ्या भागावर बोलायचंय. ली-एनफिल्ड, मोझिन-नागान आणि माउझर यातली एकच घ्यायची तर मी एनफिल्ड म्हणेन. बोल्ट (गोळी आत ढकलून बंद करणारा मागचा दांडा) लोण्यासारखा फिरतो, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या बसतात, आणि खांद्याला लावली की लगेच आपली वाटते. पण खरं सांगू का, तिन्ही चांगल्या आहेत. नाव बघून घेऊ नका, बॅरलमध्ये उजेड टाकून बघा आणि जिची बॅरल आतून चांगली ती घ्या.

आता गोळ्या. चालतात, मजेत चालतात, पन्नास-साठ वर्षं जुन्या गोळ्यासुद्धा डबा सीलबंद असेल तर धडाधड फुटतात. खरा प्रश्न हा आहे की मारून झाल्यावर त्याच दिवशी तुम्ही बॅरल पाण्याने धुणार का? हो, पाण्याने. हे वाचून दहा जण अंगावर येतील की लोखंडाला पाणी लावतात का कुठे, म्हणून आधी माझी गोष्ट ऐका.

माझी पहिली रायफल मोझिन ९१/३०, १९४२ ची, इझेव्हस्कच्या कारखान्यातली, चेंबरच्या (बॅरलचा मागचा भाग, जिथे गोळी बसते) वर त्रिकोणात बाणाचा शिक्का. त्या वर्षी युद्ध ऐन भरात होतं, त्यामुळे रिसीव्हरवर (बोल्ट जिच्यात सरकतो ती चौकट) हत्यारांचे ओरखडे तसेच ठेवलेत, घासून गुळगुळीत करायला कोणाकडे वेळ होता. पण युद्धानंतर ती परत दुरुस्त करून ग्रीसमध्ये बुडवून ठेवलेली, त्यामुळे बॅरल आतून आरशासारखी होती. आरशासारखी म्हणजे खरंच तशी, ग्रूव्हच्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचांच्या, कडा अशा की काल कापल्यात. ते ग्रीस म्हणजे कॉस्मोलीन काढायला मला तीन रविवार लागले. लाकडातून तर ते महिनाभर पाझरत होतं, उन्हात ठेवली की घाम यावा तसं. चेंबरमधलं नीट काढलं नाही तर रायफल तापल्यावर बोल्ट चिकटतो आणि उघडायला अक्षरशः हातोडीने ठोकायची वेळ येते, म्हणून तिथे मी गरम करून करून पुसलं. एवढं सगळं मनापासून केलं.

मग एक सीलबंद पत्र्याचा डबा मिळाला, ४४० गोळ्यांचा, पुंगळीच्या बुडावर १८८ चा शिक्का, म्हणजे रशियातला नोवोसिबिर्स्कचा कारखाना. त्या रविवारी रेंजवर साठेक गोळ्या मारल्या. शंभर मीटरवर, नुसत्या लोखंडी साइटवर, पाच गोळ्या तळहाताखाली झाकल्या जायच्या. मी किती खूश होतो ते सांगता येणार नाही.

आमच्या रेंजवर एक सीनियर आहेत, सगळे त्यांना दादा म्हणतात, मी पण. मला बोल्ट कसा सोडवायचा इथपासून सगळं त्यांनीच शिकवलं. त्यांना विचारलं, दादा, या गोळ्या कोरोझिव्ह, म्हणजे बॅरल गंजवणाऱ्या, आहेत म्हणतात, वेगळं काही करायचं का? ते म्हणाले, काही नाही रे, सॉल्व्हंट मार, ब्रश फिरव, तेल लाव, लोखंडाला पाणी दाखवायचं नाही. मी अगदी तसंच केलं, चिंधी पांढरी येईपर्यंत पुसलं, तेल लावलं आणि दहा दिवस बाहेर गेलो. हवा दमट होती.

परत येऊन बोल्ट काढला आणि बॅरलमधून पाहिलं तर आत केशरी. अख्खी नळी. ब्रश फिरवल्यावर चिंधी विटेच्या चुऱ्यासारखी लाल येत राहिली. सगळं निघाल्यावर चेंबरच्या पुढे, गोळी जिथून ग्रूव्हमध्ये शिरते तिथे, खड्डेच खड्डे. बोल्टच्या तोंडावर पण, गोळीच्या बुडातली पेटणारी टिकली म्हणजे प्रायमर जिथे टेकते त्या गोल भोवती, गंजाची रिंग. जी बॅरल एका महायुद्धातून आणि पुढची सत्तर वर्षं गोदामातून आरशासारखी राहिली ती माझ्या हातात आल्यावर दहा दिवसांत गेली. तेव्हा मला रडू आलं होतं आणि आजही ती बॅरल बघितली की पोटात कालवतं. आता त्याच अंतरावर गोळ्या बशीएवढ्या पसरतात.

दादांना दाखवली तर म्हणाले, तू तेल नीट लावलं नसशील. हे वाक्य मला चार वर्षं टोचतंय.

तेलाचा काही दोष नाही, तेल तिथे कामाचंच नाही. जुन्या लष्करी प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असतं. ते फुटलं की पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे आपल्या नेहमीच्या मिठाचा भाऊच. ते आगीबरोबर पूर्ण नळीत चेंबरपासून तोंडापर्यंत पसरतं, डोळ्याला दिसत नाही, आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. मीठ तेलात विरघळत नाही. तुम्ही वरून तेल लावलं म्हणजे मीठ झाकलं फक्त, खाली त्याचं काम चालूच. विरघळतं ते पाण्यात. एवढी साधी गोष्ट आहे. पूर्वी लोकांना वाटायचं की दारूच्या धुरातल्या आम्लामुळे बॅरल गंजते, १९२० च्या दशकात अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सने तपासून दाखवलं की दोष प्रायमरच्या मिठाचा आहे. आणि ब्रिटिश फौजेला तर त्याच्याही आधीपासून अनुभवाने माहीत होतं, एनफिल्डच्या चेंबरमध्ये बसेल असं वाकड्या नळीचं खास नरसाळं असायचं, त्यातून उकळतं पाणी ओतायचे, मग दोरीला फ्लॅनेलचा तुकडा बांधून ओढून कोरडी करायचे आणि मग तेल. म्हणजे पाणी आधी, तेल नंतर.

मी ते दादांसाठी म्हणून करूनही बघितलं. त्याच डब्यातल्या काही काडतुसांमधून गोळी आणि दारू काढून टाकली, नुसता प्रायमर ठेवला, आणि रेंजवर बॅरलच्या तोंडापुढे घासून चकचकीत केलेल्या लोखंडी पट्ट्या ठेवून ते फोडले. तीन पट्ट्या. एक तशीच ठेवली, एकीला सॉल्व्हंट आणि तेल, एक गरम पाण्याने धुवून कोरडी करून मग तेल. तशीच ठेवलेली दुसऱ्या दिवशी लाल. तेलवालीवर चौथ्या दिवशी तेलाच्या खालून ठिपके उठले. धुतलेली आजही माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, स्वच्छ आहे. दादांनी तिन्ही बघितल्या आणि म्हणाले, पट्टी वेगळी, बॅरल वेगळी. मी काय बोलणार. लोखंड ते लोखंड, मीठ ते मीठ.

नंतर माझ्या लक्षात आलं ते असं की दादा वीस वर्षं ज्या गोळ्या मारतायत त्या बहुतेक नवीन कारखान्यातल्या, नॉन-कोरोझिव्ह. त्यांच्या रायफलींना तेल पुरलं कारण त्यात मीठ पडलंच नाही कधी. त्यांचा नियम त्यांच्या गोळ्यांसाठी बरोबर होता, माझ्या डब्यासाठी चूक होता, आणि सल्ला देताना त्यांनी डब्याकडे बघितलंच नाही. मोठ्या माणसाने एवढं मान्य केलं असतं तर माझं म्हणणं संपलं असतं.

तर तुम्ही असं करा. रेंजवरून निघायच्या आधीच पाण्यात भिजवलेल्या दोन-तीन चिंध्या बॅरलमधून फिरवा. घरी आल्यावर बोल्ट काढा, रायफल तोंड खाली करून धरा, चेंबरकडून उकळतं पाणी ओता, लिटरभर तरी, नरसाळ्याला रबरी नळी लावून, म्हणजे लाकडाखाली पाणी जाणार नाही. उकळतंच हवं, कारण त्याने लोखंड इतकं तापतं की उरलेलं पाणी आपोआप वाळतं. मग कोरड्या चिंध्या, मग नेहमीची सफाई, मग तेल. बोल्टचं तोंड आणि फायरिंग पिन पण धुवा, हे लोक विसरतात. दुसऱ्या दिवशी आणि परत दोन-तीन दिवसांनी एक पांढरी चिंधी फिरवून बघा, तपकिरी आली तर परत धुवा. काच पुसायचं अमोनियावालं लिक्विड मारतात काही जण, त्यात काम करतं ते पाणी, अमोनिया त्या मिठाचं काहीही करत नाही, आणि तेवढं पाणी पुरत पण नाही.

गॅसवर चालणारी (दारूच्या वायूच्या जोरावर स्वतःच पुढची गोळी भरणारी) रायफल असेल, गारँड वगैरे, तर मीठ गॅस सिलिंडरमध्ये पण जातं आणि तिथे धुणं त्रासाचं आहे. म्हणून अमेरिकेने एम१ कार्बाइन या आखूड, गॅसवाल्याच रायफलच्या गोळ्या पहिल्यापासून नॉन-कोरोझिव्हच बनवल्या. पहिली रायफल म्हणून बोल्टवालीच घ्या, बोल्ट उपसला की अख्खी नळी समोर.

हे आधी लिहायला हवं होतं, पण आता लिहितो. मारायच्या आधी हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद केल्यावर गोळीला आत मिळणारी जागा, गेजने तपासून घ्या. एनफिल्ड नंबर ४ ला बोल्टहेड ० ते ३ नंबरचे येतात ते यासाठीच, आणि दुसऱ्या रायफलचा बोल्ट घातलेला असेल तर अजिबात तसं मारू नका. स्प्रिंगफील्ड १९०३ मिळत असेल तर सीरियल नंबर बघा, स्प्रिंगफील्ड कारखान्याचा ८ लाखाच्या खालचा असेल तर त्या रिसीव्हरचं पोलाद ठिसूळ निघू शकतं, ती मारायची नाही, ठेवायची. जुनी गोळी ट्रिगर दाबल्यावर फुटली नाही तर बोल्ट लगेच उघडायचा नाही, तोंड टार्गेटकडेच ठेवून पूर्ण एक मिनिट थांबायचं, उशिरा फुटणाऱ्या गोळ्या मी स्वतः बघितल्यात. रशियन सरप्लसमध्ये बऱ्याचदा स्टीलचा गाभा असतो, काही रेंज ते चालवून घेत नाहीत, आधी विचारा. लायसन्सचं तुमच्या देशात जे असेल ते तुम्ही बघितलं असेलच असं धरतो.

डबा घेतलात तर पुंगळीच्या बुडावरचा नंबर इथे कमेंटमध्ये टाका. १८८ किंवा १७ (म्हणजे बर्नाउल) असेल आणि डबा जुना लष्करी असेल तर विचारायची गरज नाही, त्याच दिवशी धुवा.