घरच्यांचा विरोध असताना ख्रिस्तावरील विश्वासाविषयी बोलण्याचे धैर्य कोठून आणावे?

आपण लिहिले आहे की, आपला ख्रिस्तावर विश्वास आहे हे घरात कळल्यापासून सगळे बिनसले आहे, आपण स्वभावाने भिडस्त आहात आणि मंडळीतल्या, म्हणजे आपल्या ख्रिस्ती उपासक समूहातल्या, वडीलधाऱ्यांनी ‘तोंडाने काही बोलू नका, वागण्यातून दाखवा’ असा सल्ला दिला आहे. हाच सल्ला मी अगदी जवळच्या माणसाकडून वर्षानुवर्षे ऐकत आले आहे आणि तो मला मुळीच मान्य नाही.

आधी स्वभावाविषयी. भिडस्त माणसाने साक्षीचे, म्हणजे आपल्या विश्वासाविषयी इतरांना सांगण्याचे, काम धीट माणसांवर सोपवावे, हे मला पटत नाही. करिंथ या ग्रीक शहरात आलो तेव्हा आपण अशक्त, भयभीत आणि थरथरत होतो, असे येशूचा प्रेषित पौल याने स्वतःच्या पत्रात लिहून ठेवले आहे. त्याआधी फिलिप्पैत त्याला छड्यांचा मार खाऊन तुरुंगात जावे लागले होते, थेस्सलनीकेतून रातोरात निघावे लागले होते आणि बिरुयातही विरोधक पाठोपाठ येऊन पोहोचले होते. करिंथात प्रभूने रात्री दर्शन देऊन त्याला ‘भिऊ नको, बोलत राहा, गप्प बसू नकोस’ असे सांगितले. न घाबरलेल्या माणसाला असे कोणी सांगत नाही. त्यानंतर तो दीड वर्ष तेथे शिकवत राहिला, आणि विरोध तेव्हाही थांबला नव्हता.

माझ्या बाबतीत प्रसंग आला तो थोरल्या काकांसमोर. आमच्या घरात त्यांचा शब्द अखेरचा असे. घरातल्या कुठल्याशा व्यवहारासाठी सगळे जमले होते आणि मध्येच त्यांनी विचारले, “तू उपासनेला जातेस असे ऐकतो, ते खरे आहे का?” मी “हो काका, खरे आहे” म्हटले. त्यावर, “काय दिले ग त्यांनी तुला?” असा पुढचा प्रश्न आला. माझे हात इतके कापत होते की मी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. मला कोणी काही दिलेले नाही, असे मी सांगितले. याच घरातल्या एका माणसाविषयी वर्षानुवर्षे मनात धरून ठेवलेला राग, येशूने वधस्तंभावरून आपल्या मारेकऱ्यांसाठी केलेली प्रार्थना वाचल्यापासून मला धरून ठेवता आला नाही, येशू मरणातून उठला आणि आज जिवंत आहे असा माझा विश्वास आहे, आणि तुम्हीच मला खरे बोलायला शिकवले म्हणून तुमच्यापासून हे लपवणार नाही, एवढेच मी बोलले. काकांनी चष्मा काढला, तो घडी घालून डबीत ठेवला आणि ते खोलीतून निघून गेले. पुढे कित्येक महिने ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्याच खोलीत माझा चुलत भाऊ बसला होता. आदल्याच रविवारी आम्ही दोघे एकत्र उपासनेला गेलो होतो. सगळे होईपर्यंत त्याने जमिनीवरची नजर वर उचलली नाही आणि नंतर जिन्यात मला गाठून म्हणाला, “इतके बोलायची काय गरज होती? चांगले वागत राहा, त्यांना आपोआप कळेल.” आमचा वाद तेव्हापासून चालू आहे.

आपोआप काहीही कळत नाही. मुलगी चांगली वागली तर लोक आईवडिलांच्या संस्कारांचे कौतुक करतात. तिच्या वागण्यावरून येशूचे नाव कोणी ओळखत नाही. त्या प्रसंगानंतर बऱ्याच काळाने, घरात आम्ही दोघीच असताना, काकूने भाजी निवडता निवडता खाली मान घालून मला विचारले, “तुझा तो राग कोणावर होता ग?” तो तिच्यावरच होता आणि मी तिला तसे सांगितले. त्या दुपारी आम्ही दोघी जे बोललो ते येथे लिहिणार नाही. पण मी काकांसमोर गप्प राहिले असते, तर निव्वळ माझ्या चांगल्या वागण्यावरून तिला हा प्रश्न सुचला नसता.

भाऊ नेहमी बायबलातील, येशूचा शिष्य पेत्र याच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय पुढे करतो. विश्वास न ठेवणाऱ्या पतींना पत्नींच्या वर्तनाने, शब्दांवाचून मिळवून घेता येईल, असे तेथे आहे, हे खरे. पण त्याच अध्यायात थोडे पुढे, तुमच्या आशेविषयी जो कोणी विचारील त्याला उत्तर द्यायला सदैव तयार असा, असेही आहे, आणि काकांनी तर स्पष्ट विचारले होते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातील, येशूने दृष्टी दिलेल्या जन्मांधाच्या आईवडिलांनीही सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने ‘तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा’ असे सांगून अंग काढून घेतले होते. मुलाने उत्तर दिले, तो बाहेर घालवला गेला, आणि येशू त्याला शोधत आला. त्या मुलाला परूशी धर्मपुढाऱ्यांच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे येत नव्हती. मी आंधळा होतो आणि आता मला दिसते, एवढे त्याला ठाऊक होते आणि तेवढेच तो सांगत राहिला. आपल्यालाही वाद जिंकण्याची तयारी करावी लागणार नाही.

धैर्य कोठून आणावे, या आपल्या मूळ प्रश्नाला माझे उत्तर असे की, ते मागावे लागते. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान, येशूच्या नावाने बोलू नका ही यहुदी न्यायसभेची ताकीद घेऊन परतले तेव्हा मंडळीने धमक्या थांबाव्यात अशी प्रार्थना केली नाही. त्या धमक्यांकडे पाहा आणि आम्हाला धैर्याने बोलू दे, असे मागितले. पौलानेही बेड्यांत असताना, आपल्याला निर्भयपणे बोलता यावे म्हणून इफिस शहरातल्या विश्वासणाऱ्यांना प्रार्थना करायला सांगितले. आपणही मंडळीतल्या दोघातिघांना नेमके हेच मागायला सांगा.

काही गोष्टी मात्र स्पष्ट केल्या पाहिजेत. घरात मारहाणीचा धोका असेल, किंवा आपण अजून वयात आलेले नसाल, तर आधी सुरक्षित राहा. एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा, असे येशूनेच शिष्यांना सांगितले आहे. घरच्यांच्या श्रद्धेची निंदा कधीही करू नका. इफिसात दंगल उसळली तेव्हा या माणसांनी आपल्या देवीची निंदा केलेली नाही, अशी ग्वाही पौलाच्या सोबत्यांविषयी तेथल्या अधिकाऱ्यानेच दिली होती. आमिष आणि दडपण यांना सुवार्तेत जागा नाही. वागणे वाईट असेल तर बोलणे वाया जाते, हे भावाचे म्हणणेही मला मान्य आहे. अरिमथाईकर योसेफ भीतीमुळे गुप्तपणे शिष्य राहिला, तरी योहान त्याला शिष्यच म्हणतो. त्यामुळे भावाच्या विश्वासावर मी शंका घेत नाही. पण तोच योसेफ शेवटी धैर्य करून रोमी सुभेदार पिलाताकडे वधस्तंभावर मेलेल्या येशूचे शरीर मागायला गेला, हे मी भावाला दर वेळी ऐकवते.

घरात आपल्याला कोणी सरळ विचारले आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. विचारले असेल, तर उत्तर टाळू नका, मग ते दोन वाक्यांचे का असेना. विचारले नसेल, तर जो माणूस अजून आपल्याशी नीट बोलतो, त्याच्यापासून सुरुवात करा.