हेडफोन जोडलाय, तरी आवाज लॅपटॉपमधूनच?

अरे, लगेच ड्रायव्हर (आवाज चालवणारं सॉफ्टवेअर) उडवायला घेऊ नकोस. आधी घड्याळाशेजारच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक कर आणि यादीत हेडफोन निवडलाय का ते बघ. बऱ्याचदा घोळ तिथेच असतो.

वायरचा असेल तर पिन निरखून बघ. ३ काळ्या रेघा म्हणजे माइकवाला, २ म्हणजे नुसता ऐकायचा. पिन शेवटपर्यंत 'टक्' करून बसत नसेल तर भोकात कचरा असणार. लॅपटॉप बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढ. माझ्याकडे एकदा बॅगेतल्या धाग्यांची चांगली गोळी निघाली, आणि तोवर माझे दोन हेडफोन बदलून झाले होते!

ब्लूटूथवाला असेल तर आधी फोनचं ब्लूटूथ बंद कर. हेडफोन गुपचूप तिकडे जाऊन चिकटतो. तरी जमेना, तर लॅपटॉपच्या यादीतून त्याला काढून टाक, दिवा भराभर लुकलुकेपर्यंत हेडफोनचं बटण दाबून धर आणि नव्याने जोड.

विंडोज १० वर माइकवाल्या एकाच ब्लूटूथ हेडफोनची दोन नावं दिसतात. गाण्यांना 'स्टिरिओ' घे. 'हँड्स-फ्री'वर माइक चालतो खरा, पण गाणं पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं वाटतं.